परतवाड्याचं पत्र आणि सुएझ कालवा

अमरावती, १२ ऑक्टोबर १९५६
परतवाड्याच्या नारायणराव हेडमास्तरांचं पत्र. मुलाला आमची चारू पसंत आहे, दसरा झाला की वकीलसाहेबांनी बोलणी करायला यावं. म्हणजे मी जायचं. मुलीच्या बापानेच जायची रीत आहे म्हणे. रीत घाला चुलीत. तिकडे इजिप्त साहेबाच्या नाकावर टिच्चून सुएझ कालवा घेऊन बसलाय, अन् मी एका हेडमास्तरापुढे टोपी झुकवू? धोरण ठरलं. पहिलं पाऊल त्यांचं.

१९ ऑक्टोबर
तीन मसुदे करून उत्तर लिहिलं. ‘आपला प्रस्ताव विचाराधीन आहे. योग्य स्थळी, समान पातळीवर वाटाघाटी शक्य.’ मुनशी खुशालराव म्हणाला, साहेब, हे सोयरिकीचं पत्र आहे का नोटीस? त्याला काय कळते डिप्लोमसी. चारू शाळेत शिकवायला निघाली होती, तिच्याकडेच पाकीट दिलं पोस्टात टाकायला.

२९ ऑक्टोबर
उत्तर नाही. हेडमास्तर गांगरला. आमची सौ. सिंधू म्हणते, तुमी सुएझचं करून राहिले, पोरीचं कोण करीन? चारूलाही मुलगा आवडला आहे म्हणे. असेल. जागतिक प्रश्नात भावना आणली की वाटोळं.
वाचनालयात छातीठोक सांगितलं, युद्ध होत नाही, नुसत्या धमक्या आहेत.

२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
इजिप्तवर बॉम्ब पडले. वाचनालयात पंजाबराव दात काढून हसला. हसो बापडा. माझा अंदाज बरोबरच होता, इंग्रज चुकले.
खुशालरावाने खबर आणली की परतवाड्याच्या मुलाला अकोल्याचं स्थळ सांगून आलं आहे. हे निव्वळ दबावतंत्र. मी हलत नसतो. चारू जेवली नाही. सिंधूने भांडी आदळली.

७ नोव्हेंबर
युद्धबंदी. बड्या बड्यांनी शेपूट घातली. लेकाचे एवढ्यासाठी विमानं घेऊन आले होते. माणसाने कसं ठाम राहावं, ते माझ्याकडून शिका म्हणावं.
सिंधू अन् चारू सकाळच्या बसने चांदूर बाजारला मावशीकडे गेल्या. बरं झालं, सुएझवर लेख लिहिता येईल. हेडमास्तर आजउद्यात झुकतो.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ
सिंधू अन् चारू परतल्या. चांदूर बाजारला गेल्याच नव्हत्या. थेट परतवाडा. सुपारी फुटली. तुळशीचं लग्न झालं की साक्षगंध.
वकीलसाहेब महिनाभर तापाने अंथरुणाला खिळले आहेत असं सिंधूने तिथे ठोकून दिलं. हेडमास्तर हळहळले म्हणे. आधी कळवलं असतं तर मीच भेटायला आलो असतो, म्हणाले. आजारी माणसासाठी पिशवीभर संत्री धाडली आहेत.
मी म्हटलं, पण माझं पत्र? चारूने शाळेच्या पिशवीतून ते काढून माझ्यापुढे ठेवलं. तिकीट लावलेलं, जसंच्या तसं. वीस दिवस मी ज्या माणसाशी झुंजत होतो, त्याला त्याचा पत्ताच नव्हता.
मग तिने हळूच विचारलं, बाबा, साक्षगंधाला तुम्ही याल ना?
पोटच्या पोरीला हे विचारावं लागलं. लाज वाटली. येतो म्हणालो.
संत्रं गोड होतं. लेख काही आज लिहवत नाही.