तुमच्या दंडावरचा पट्टा

प्रिय विमलसिस्टर,

आज आपल्या सुरगाण्याच्या दवाखान्यात नवी नर्स आली. आल्या आल्या पोरीने माझंच ब्लडप्रेशर मोजलं, आकडा सांगितला आणि म्हणाली, "मावशी, मीठ कमी करा." मी हसले, आणि एकदम तुम्ही आठवलात. तुमचा आकडा आम्हाला कधी कळलाच नव्हता! म्हणून लिहायला बसले. अक्षर औषधांच्या खोक्यांवरची नावं जुळवत शिकलेलं, वाकडंतिकडं आहे. सांभाळून घ्या.

पाड्यावरच्या बाया त्या यंत्राला किती भ्यायच्या! "रगात वढून घेती काय गं ही?" मग तुम्ही पट्टा आधी स्वतःच्याच दंडाला गुंडाळायच्या. फुगा मी दाबायची. पारा सरसर चढायचा, तुम्ही म्हणायच्या, "बघ, मेले का मी?" बाया खिदळायच्या, हात पुढे करायच्या. रोज, पाड्यापाड्यावर! ऐकायची नळी मात्र तुमच्या गळ्यातच लोंबायची. ती कानाला लावल्याशिवाय आकडा कळत नाही, पण नुसतं दाखवायचं, त्यात ऐकायचं काय?

आणि किती चालायच्या हो तुम्ही! एकदा ओढा ओलांडून पायाळू मूल सोडवलंत, हात धुतलेत आणि तशाच जीपला लटकून नाशिकच्या मीटिंगला गेलात. तिथे साहेबांनी सगळ्यांदेखत उभं केलं. "नसबंदीच्या ऑपरेशनचं टार्गेट कुठंय, बाई?" वाचवलेल्या दोन जिवांना त्यांच्या कागदावर रकानाच नव्हता. परत आलात त्या डोकं गच्च धरून.

"सिस्टर, एकदा स्वतःचं मोजा की," मी म्हटलं.

"अहो मावशी, पट्टा तर रोजच लावते!"

आणि मी हसले. का हसले मी?

पुढच्या मीटिंगला मी सोबत होते. येताना जीपमध्येच तुमची मान कलली. तशीच जीप फिरवून नाशिकला नेलं. डॉक्टरांनी पारा पाहिला नि मलाच विचारलं, "एवढं प्रेशर घेऊन या चालत कशा होत्या?"

चालत? अहो डॉक्टर, धावत होत्या!

त्या रात्रीच तुम्ही गेलात. अजून नवल वाटतं, एवढ्याशा देहात एवढं बळ कुठून आणत होता? थोडं रागावूही का? साऱ्या तालुक्याची नाडी ऐकलीत, स्वतःच्या दंडाला दोन मिनिटं कान दिला नाहीत!

उद्या ही पोर पाड्यावर निघेल. बाया अजून भितातच, म्हणजे तीही पट्टा आधी स्वतःलाच लावणार. फुगा मीच दाबीन. पण नळी कानाला लावून तिने स्वतःचा आकडा मोठ्याने सांगितल्याशिवाय मी पट्टा सोडू देणार नाही. हा माझा शब्द, सिस्टर.

तुमचीच,
अनसूयामावशी