चावीबरोबर जायचं

४ ऑगस्ट

समोरच्या लेओंतीनबाई चर्चची चावी माझ्या टेबलावर ठेवून गेल्या! परवापर्यंत ल प्यूई गावी, बहिणीकडे. चावी वीतभर, उपदेश हातभर — "मास्तर, कुणी बघायला आलं तर चावी द्यायची नाही. चावीबरोबर जायचं. आत दाराशी बसायचं, ते निघाले की मग उठायचं."

म्हटलं, बाई, मला तुमच्यासारखं विणत बसता येत नाही.

"मग नुसते बसा. तेवढं तर येतं ना तुम्हाला!"

बाकी दिवस शब्द जुळवण्यात. पुण्याच्या मासिकाला जुन्या चर्चांवर लेख हवाय, आणि परका शब्द एकही नको. प्रवेशाची ओवरी म्हणजे अर्धमंडप — जमलं. मधल्या लांब दालनाला इथे 'नौका' म्हणतात. सभामंडप लिहू की नौकाच तरंगू देऊ? दारावरचा अर्धगोल शिल्पपट अजून बिननावाचा. आमची अक्रोडाच्या लाकडाची माउली, मांडीवर बाळ घेऊन ताठ बसलेली — तिला 'ज्ञानाचं आसन' म्हणतात, कारण बाळ म्हणजे ज्ञान आणि आई त्याची खुर्ची. ज्ञानपीठ लिहिलं असतं. पण पुण्यात विचारतील, कोणत्या साली मिळालं?

५ ऑगस्ट

आज माणूस भेटला! ल्यों शहरातला, करड्या दाढीचा, चर्च बघायला आलेला. उंबऱ्यातच तासभर बोललो. छज्ज्याखालच्या कोरीव मुंडक्यांचा विषय निघाला. मी त्याला आपल्या देवळांतले भार पेलणारे कीचक सांगितले. हसला — "म्हणजे आमच्या मुंडक्यांचे चुलतभाऊच की!" अर्धगोल पटाबद्दल म्हणाला, "ते तर दाराचं कपाळ." ललाटपट! इतके दिवस अडलेला शब्द, आणि हा गृहस्थ उभ्या उभ्या देऊन गेला.

अशा माणसावर पाळत ठेवून दाराशी बसायचं? शोभत नाही. शिवाय चुलीवर मसूर होते. चावी दिली. दुपारी त्याने परत आणून दिली, वर आभार. मसूर करपलेच.

६ ऑगस्ट

माउली नाही.

लेओंतीनबाई संध्याकाळी परतल्या, फुलं ठेवायला गेल्या, तर कोनाडा रिकामा. माझ्या दारात आल्या. हातात फुलं तशीच. "मास्तर, तुम्ही बसला होतात ना?"

मी 'हो' म्हणालो.

हो म्हणालो!

त्या 'बरं' म्हणाल्या आणि गेल्या.

८ ऑगस्ट

पोलीस सगळीकडे जाऊन आले. माझ्याकडे फिरकलेच नाहीत. त्याचं कारण पाववाल्याकडे कळलं. त्याची बायको सांगत होती — "म्हातारी पाच तारखेला सकाळीच परत आली होती म्हणे. दार उघडलं, लावायला विसरली आणि जाऊन झोपली. स्वतःच कबूल केलं. सरपंचांनी चावी काढून घेतली. चाळीस वर्षं सांभाळली, आणि बघा!"

पाच तारखेला? बाई तर सहाला आल्या!

पाव घेतला. सुट्टे पैसे मोजून दिले. घरी आलो.

९ ऑगस्ट

लेखाला हात लावला नाही. ललाटपट खोडला. पुन्हा लिहिला. शब्दाचा काय दोष?

१५ ऑगस्ट

माउलीचा सण. मिरवणूक निघाली — चौघांच्या खांद्यावर रिकामी पालखी. फुलं मात्र दरवर्षीसारखी. गाणी म्हणताना लोकांची नजर वर जायची आणि खाली यायची. लेओंतीनबाई दरवर्षी पालखीपुढे असतात. आज सगळ्यांच्या मागे होत्या, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी. मीही तिथे जाऊन उभा राहिलो नाही. वाजंत्रीवाल्यांपाशी होतो, जणू सनईचा शौकीन.

१६ ऑगस्ट

गेलो. विचारलं, "खोटं का बोललात?"

वाटाणे सोलत होत्या. "तुमचा राहायचा परवाना सप्टेंबरात संपतो ना?"

"त्याचं काय?"

"परका माणूस, हातात चावी, आणि चोरी. फौजदाराला आणखी काय हवं? मी म्हातारी. मला हाकलून हाकलून कुठे हाकलणार — स्मशानात? तिथे तर निघालेच आहे." मग एक शेंग हातातच धरून — "पण दाराशी बसायचं होतं हो, मास्तर."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१८ ऑगस्ट

फौजदाराकडे जाऊन सगळं सांगितलं. दाढी, ल्यों, कीचक, मसूर — सगळं. चावी मी दिली, बाई गावात नव्हत्याच. तो लिहीत राहिला, मध्ये एकदा 'कीचक' कसं लिहायचं ते विचारलं. परवाना जायचा तर जाईल. येताना टेकडीवरून चर्च दिसलं, आणि कितीतरी दिवसांनी मान वर करून बघवलं. आज झोप लागेल.

१९ ऑगस्ट

फौजदार आला होता. मला म्हणाला, "तुम्ही खरं सांगितलंत, तुमच्या परवान्याला धक्का नाही." मग रस्ता ओलांडून समोर गेला. खोटी जबानी दिली म्हणून लेओंतीनबाईंना शुक्रवारी कोर्टात बोलावलंय.