पती हयात

डोणगाव,
दि. २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय धम्मशीला,

तुझ्या वहिनीचा सप्रेम जयभीम. प्रेमानंद भाऊजींनाही जयभीम सांग, आणि म्हणावं, पत्र आधी बायकोला वाचू द्या, मग तुम्ही वाचा.

आता वहिनीला फोन असताना पत्राची हुक्की कुठून आली, असं तुझ्या मनात येईल. तुझं ते कानाचं मशीन तू डब्यात घालून ठेवतेस, त्यामुळे फोनवर मला ओरडावं लागतं. मी ओरडले की शेजारची पुष्पांजली हातातली पालेभाजी टाकून उंबऱ्यात येऊन बसते. मला जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र.

इकडे सगळं बरं आहे. सोयाबीन निघालं, तूर फुलावर आली आहे. मी वेचणीला जाते, पण दुपारपर्यंतच, पाठ धरते. समताचा धाकटा आता धरून धरून चालतो आणि हाताला येईल ते तोंडात घालतो. पिंपळगावला यंदा कापूस कसा आहे? तुझा गुडघा कसा आहे? लसणाचं तेल लावतेस का?

आणि विधवा म्हणून मिळणारा माझा निराधारचा पगार पुन्हा सुरू झाला. बंद पडला तेव्हा मी तुला फोनवर कळवलं होतं, पण का बंद पडला ते सांगितलं नव्हतं. ऐकून तू हसशील की रडशील, याचा मला अंदाज येईना. आता सगळंच सांगते.

फेब्रुवारीत ग्रामपंचायतीत हयातीची तपासणी होती. दरवर्षीचीच. पगार घेणाऱ्यांनी जायचं आणि आम्ही अजून आहोत हे दाखवून यायचं. सगळे म्हातारे-म्हाताऱ्या लिंबाखाली बसलेले. माझ्या बाजूला एक रंगारी बसले होते. साखरखेर्ड्याकडचे. बायको वारली, मुलगा पुण्याला. दुकानांच्या पाट्या रंगवायला डोणगावात खोली करून राहतात. त्यांना म्हातारपणाचा, श्रावणबाळचा पगार आहे. त्या दिवसापर्यंत मी त्यांना ओळखतही नव्हते, हे आधीच लिहून ठेवते.

मला तहान लागली म्हणून मी माझे कागद त्यांच्या हातात दिले आणि माठाकडे गेले. तेवढ्यात माझं नाव पुकारलं. धावत आले. तपासणीवर एक बाहेरून आलेला पोरगा बसवला होता, हातात मोबाइल. त्यानं विचारलं, "मालकाचं नाव?"

आता तुझी आई तुला माहीत आहे. घरातले देव्हारे, उपास, नवस सगळं काढून टाकलेली बाई, पण सुनेनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे एक तिनं सोडलं नाही. नाव घेतलं की उमर कमी होते म्हणायची. तुझा दादा जाऊन एकोणीस वर्षं झाली, आता कुणाची उमर कमी होणार होती? पण जीभ वळत नाही ती नाहीच. मी नेहमीसारखा हात करून दाखवला, की तिथे लिहिलं आहे, वाच. कागद होते रंगाऱ्याच्या हातात. पोरानं त्यांच्याकडे पाहून विचारलं, "शंकरराव इंगळे?"

ते म्हणाले, "हाव, मीच. हजर हाय."

कारण धम्मशीला, त्यांचंही नाव तेच आहे. शंकरराव इंगळे. आडनाव एक असलं तरी गाव वेगळं, भाऊकी वेगळी, आपल्याशी कुठूनही संबंध नाही. मी सगळी चौकशी केली आहे.

पोरगा म्हणाला, दोघं जवळ या, आणि फोटो काढला. मला वाटलं यंदा नवीन पद्धत असेल. रंगाऱ्यांनी तर फोटोसाठी टोपी सरळ केली.

उन्हाळ्यात पगार येईना. सेतू केंद्रातल्या धवलनं कॉम्प्युटरात पाहिलं आणि आधी माझ्याकडे पाहून मग वाचलं. शेरा होता, पती हयात.

मी तिथेच बाकावर बसले. एकोणीस वर्षांपूर्वी, दादा गेला त्या दवाखान्यात कुणी येऊन मला हे दोन शब्द सांगितले असते, तर मी त्याचे पाय धरले असते. आता मिळाले, आणि त्यापायी पगार गेला. मला हसू आलं आणि डोळे पण भरले. धवल घाबरला, त्यानं पंखा माझ्याकडे फिरवला.

मग तालुक्याच्या चकरा सुरू झाल्या. दादाच्या मृत्यूचा दाखला आपण तेव्हाच दिला होता, पण दाखल्यात वारलेला माणूस फोटोत टोपी घालून उभा. म्हणून फोटोतल्या माणसाला बरोबर न्यायचं होतं, त्यानं सांगायचं की मी तो नव्हेच. गावात तर नुसता आनंद. पुष्पांजली सकाळ-संध्याकाळ विचारायची, "काकू, मालक आले का?" मी तिला झाडू दाखवायची.

एसटीत मला बाईमाणूस म्हणून अर्धं तिकीट, त्यांना म्हातारे म्हणून अर्धं. कंडक्टर म्हणाला, "दोन हाफ, म्हणजे तुम्ही दोघं मिळून एकच पॅसेंजर." मी खिडकीबाहेर पाहत राहिले. रंगारी मात्र खुशीत होते. रस्त्यानं जी भिंत लागेल तिच्याकडे बोट दाखवायचे, हे अक्षर माझं, ते माझं. निराधारच्या योजनेची जाहिरातसुद्धा त्यांनीच कितीतरी गावांत भिंतींवर लिहिलेली. मी विचारलं, मग त्या योजनेच्या अटी तुम्हाला पाठच असतील? म्हणाले, "लिवताना वाचत कोण बसते? मी वेलांट्या पाहातो."

ऑफिसात सारिका मॅडम होत्या. तोंडानं कडक, पण बसायला खुर्ची देणाऱ्या. त्या म्हणाल्या, मावशी, हात करून चालणार नाही, तुमच्या पतीचं नाव तुम्ही स्वतः सांगा आणि ते आहेत की नाहीत ते सांगा. मी उभी राहिले. म्हटलं, शंकरराव आनंदराव इंगळे. ते वारले.

धम्मशीला, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी तुझ्या दादाचं नाव तोंडानं घेतलं, आणि तेही ते नाहीत हे सांगायला. मला रडू आवरेना. रंगारी उठून बाहेर गेले. मला वाटलं, कंटाळले. तर ते चहा घेऊन आले, माझ्यासमोर ठेवला, आणि माझं रडणं होईपर्यंत भिंतीवरचं कॅलेंडर पाहत बसले. त्या दिवशी मला ते बरे वाटले. हे इथे लिहून टाकते, नाहीतर पुढे लिहिणं होणार नाही.

कागद वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. आम्ही जात राहिलो. भाकरी आणि ठेचा माझा, कट चहा त्यांचा. एकदा मॅडमनी चष्मा काढून त्यांना विचारलं, "काका, तुमचा जबाब तर पहिल्याच दिवशी झाला. तुमचं काही काम नाही इथे. मग दर वेळी तुम्ही काऊन येऊन राह्यले?"

खोलीतले सगळे कारकून थांबले. रंगाऱ्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. म्हणाले, "ते... पाटी पाहाले. तुमच्या दारावरची पाटी लय पुसट झाली मॅडम."

मॅडम म्हणाल्या, "मग रंगवून टाका."

त्यांनी खरंच रंगवली. पुढच्या खेपेला डबे-ब्रश घेऊन आले. मी दारात स्टूल धरून उभी होते, आणि मला इतकं हसू येत होतं की स्टूल हलत होतं.

धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर पगार जमा झाला, मागचा सगळा धरून. धवलनं पेढा मागितला, मी दिला. घरी आले आणि मला काही गोड लागेना. मला कळेचना की झालं काय. पगार आला, शेरा गेला, आता तालुक्याला जायचं काही कारण उरलं नाही, इतकंच झालं होतं. चार दिवस मी अशी तोंड पाडून बसले की पुष्पांजलीनंसुद्धा चेष्टा बंद केली.

मग एका सकाळी ते आले. दारातच उभे. "तालुक्याले काही काम हाय का तुमचं?"

मी म्हटलं, "नाही. झालं सगळं."

"माहंही नाही," ते म्हणाले. वाकून चपलेचा अंगठा सरळ केला. मग म्हणाले, "जनकाबाई, त्या पोरानं चूक केली हे खरं. पर इतकी काही वाईट चूक नव्हती."

मी चहा ठेवायला आत गेले आणि साखर दोनदा टाकली.

तर असं आहे. लिहिलं बाई एकदाचं. आता तू पत्र खाली ठेवलं असशील तर पाणी पी आणि पुन्हा उचल.

समताला मी भीत भीत सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू तालुक्याचं नाव काढलं का हसतेस, मले तवाच समजलं होतं." जावईबापू म्हणाले, मंडपाचं मी पाहतो. मंडप कसला, विहारात दोन हार आणि पंचवीस माणसं.

मग पगाराचा प्रश्न आला. लग्न केलं की विधवेचा पगार बंद. धवल मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, तुमचं नाव बदलतच नाही. आधी जनकाबाई शंकरराव इंगळे, नंतर पण जनकाबाई शंकरराव इंगळे. कुणाले काय समजते? गप राहा आणि पगार घ्या." पोरगा मायेनं बोलला, त्याला बोल नाही. आणि खरं सांगते, मी मोहात पडले. तो पैसा माझा आहे. कुणापुढे हात न पसरता माझ्या नावावर येणारा तो पहिला पैसा. दादा गेला तेव्हा घरात पीठ नव्हतं, आणि तू समताला कडेवर घेऊन, मला हाताला धरून तालुक्याला नेलं होतंस, आठवतं? मी पदराआडून बोलत नव्हते, तर साहेबाशी तूच भांडलीस. तो पगार तू मला मिळवून दिलास. सोडायचा म्हणजे तुझीच वस्तू तुला न विचारता टाकून द्यायची.

पण घेत राहायचं तर दरवर्षी फेब्रुवारीत जाऊन सांगावं लागेल की माझे मालक वारले. आणि ते बाजूला बसलेले असणार, टोपी घालून. एका शंकररावाला मी जाताना पाहिलं आहे. दुसऱ्याला दरवर्षी कागदावर मारायचं, हे माझ्यानं होणार नाही. पंधराशेसाठी नाही आणि पंधरा हजारांसाठीही नाही. मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "काही हरकत नाही. पासष्टच्या झाल्या का तुमचंही नाव श्रावणबाळात टाकू. तिथं नवरा असला तरी चालते. तवरोक माह्या पगारात भागवू आन् पाट्या हायेतच."

पगार बंद करायचा अर्ज कसा द्यायचा ते विचारायला मी सारिका मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "मावशी, सगळा पावसाळा तुम्ही माझ्याशी भांडल्या की हा माणूस माझा नवरा नाही."

मी म्हटलं, "हाव मॅडम. तवा नव्हता."

त्या टेबलावर डोकं ठेवून हसल्या. मग म्हणाल्या, "आणि आता आहे?"

मी म्हटलं, "अजून नाही. आधी माह्या नणंदेले इचारा लागते."

तेच विचारते आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला विहारात लग्न करावं असं मनात आहे. माझं माहेरचं कुणी उरलं नाही. त्या दिवशी माझ्या बाजूनं तू उभी राहावीस, माझा हात धरून मला पुढे आणावंस, एवढीच माझी इच्छा आहे. ज्याच्या मागं मी हे लग्न करते आहे तो तुझा सख्खा भाऊ होता, हे मला कळतं. दादाचा फोटो घरात आहे तिथेच राहील. तो पुसून परत टांगायचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं आहे. पण तुला रुचलं नाही तर तसं मोकळेपणानं लिही. मी रुसणार नाही आणि लग्नही करणार नाही. त्यांनाही मी तसं सांगितलं आहे. ते म्हणाले, "बरोबर हाय. त्याईचा हक्क पयला." तेव्हापासून रोज पोस्टमनची वाट मी पाहत नाही इतकी ते पाहतात, आणि पत्र तर मी आज टाकते आहे.

मी आनंदात आहे, धम्मशीला. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे लिहायला लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. फक्त तू हो म्हणावंस, म्हणजे हा आनंद पुरा होईल.

हो म्हणालीस तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन मी पगार सोडेन, आणि कागदावरचं विधवा म्हणून लिहिलेलंही सोडेन. तुझी भावजय असणं मात्र सोडणार नाही. त्याचा अर्ज कोणत्याही ऑफिसात माझ्या हातून जाणार नाही.

तुझीच, आज होते तशी उद्याही,
वहिनी