इंद्रायणीला एक गाठ

हॉस्टेल, पुणे
मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६

प्रिय मामू,

सलाम. नानांचा गुडघा कसा आहे? अम्मीला सांगा, डिंकाचे लाडू पोचले आणि त्यातले निम्मे माझ्या रूममेटनं, गणेशनं, मला न विचारता संपवले.

हातानं पत्र लिहितोय म्हणून घाबरू नका. तुमचा फोन दुकानात गल्ल्यावर असतो, तुमच्या हाताखालचा कैलास तो स्पीकरवर लावतो आणि आपलं बोलणं अर्ध्या कामशेतला कळतं. हे बोलणं फक्त तुमच्यासाठी आहे.

तुम्ही म्हणाला होता, "टॅबलेट का तो घडीचा लॅपटॉप, एकदाचं ठरव. ईदच्या आत घेऊ." तीन आठवडे मी "बघतो, बघतो" करत टोलवतोय. इथं मतं द्यायला सगळे तयार. गणेश म्हणतो टॅबलेटच घे, हलका असतो, झोपूनही वाचता येतं. रुपाली म्हणून एक सीनियर आहे, ती म्हणते, पुढं केसेस लिहिताना कीबोर्डाशिवाय बोटं मोडतील. तो घडीचा, हायब्रिडच घे, एरवी लॅपटॉप, आणि हवं तेव्हा स्क्रीन सुटी करून पेनानं लिहायचं. मी दोघांपुढेही मान डोलवायचो. खरं सांगतो मामू, मी निवडत नव्हतो, कारण कॉलेजच सोडायचं माझं ठरत आलं होतं.

बसा जरा, आणि पूर्ण वाचा.

जानेवारीत आमची हिस्टॉलॉजीची प्रॅक्टिकल झाली. शरीराचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघून ओळखायचे, कुठला मूत्रपिंडाचा, कुठला यकृताचा. काप गुलाबी आणि जांभळ्या रंगांनी रंगवलेले असतात. दहापैकी मला दोन आले. मॅडम म्हणाल्या, "अनस, वाचून येत जा." मला पुस्तक पाठ होतं हो! मला ते रंगच वेगळे दिसत नाहीत.

जर्नलमध्ये आकृत्या काढायलाही त्याच दोन रंगांच्या पेन्सिली लागतात. गुलाबीला मी ब्लेडनं एक खाच पाडलीय, जांभळीला दोन. शाळेत मी झाडाचं खोड हिरवं रंगवायचो आणि सगळे हसायचे. तेव्हा वाटायचं, आपण धांदरट आहोत.

मागच्या शुक्रवारी मी बॅग भरून निघालो. डॉक्टर व्हायचं नाही, असं घरी सांगणार होतो. पण नाना आणि अम्मीसमोर जायची हिंमत होईना, म्हणून आपल्या कान्हे स्टेशनला न उतरता एक स्टेशन पुढं, कामशेतला आलो. म्हटलं, आधी मामूंना सांगू. दुकानासमोर रस्त्यापलीकडे उभा राहिलो. तुम्ही पोत्यांची तोंडं बांधत होता. इंद्रायणी तांदळाच्या पोत्याला सुतळीची एक गाठ, कोलमच्या पोत्याला दोन. कैलास इंद्रायणीला लाल लेबल लावतो आणि कोलमला हिरवं, हे मला ऐकूनच माहीत आहे. तुम्ही लेबलाकडे बघतही नव्हता. गाठ चाचपायची आणि "हे उचल" म्हणायचं.

लहानपणापासून त्या गाठी बघतोय, त्या दिवशी पहिल्यांदा कळल्या. तुम्हाला न भेटताच परतीची गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजमध्ये डोळ्यांच्या सरांकडे गेलो. त्यांनी एक पुस्तक उघडलं. पानभर रंगीत ठिपके, आणि त्यात लपलेला आकडा ओळखायचा. मला बहुतेक पानांवर नुसते ठिपकेच दिसले. सर म्हणाले, "तांबड्या-हिरव्यात गोंधळ होतो तुझा. जन्माचंच आहे. हे आईकडून मुलाकडे येतं, आईला स्वतःला काही जाणवत नाही." मग त्यांनी विचारलं, "मामा आहे का तुला?"

मामू, आपल्या घरात सांगतात, तुम्ही रेल्वेची लेखी परीक्षा पास झालात, इंजिनावर असिस्टंट म्हणून लागणार होतात, आणि मेडिकलला जाऊन आलात ते "मला नको नोकरी" म्हणतच. नाना रेल्वेतच गँगमन, रूळ सांभाळणारे. पोरगं इंजिनावर जाणार म्हणून त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून बावीस वर्षं ते तुमच्याशी सरळ बोललेले नाहीत. तुम्ही समोर बसलेले असता आणि ते अम्मीला म्हणतात, "त्याला जेवायला वाढ." मीही समजत आलो, मामू कामाला घाबरले. मला माफ करा.

त्या पुस्तकात तुम्हाला आकडा दिसला नव्हता ना?

उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. आता माझं काय ठरलं ते ऐका.

परवा रविवारी गणेश मला लॅपटॉपच्या दुकानात ओढून घेऊन गेला. विक्रेत्यानं हायब्रिडवर गणेशकडचाच एका मूत्रपिंडाच्या कापाचा फोटो उघडला आणि "कलर बघा सर, कलर!" सुरू केलं. तेवढ्यात त्याचं बोट कुठंतरी लागलं आणि सगळी स्क्रीन काळी-पांढरी झाली. "सॉरी सर, कलर आणतो." मी त्याचा हातच धरला. रंग गेले आणि मला कडा दिसायला लागल्या. मधला गोल गुच्छ, भोवतीची पोकळी, नळ्यांच्या भिंती. इतके दिवस मी रंग शोधण्यात आकार बघितलेच नव्हते. पेन घेऊन एकेक नाव लिहीत गेलो. सगळी बरोबर! गणेश म्हणाला, "मग परीक्षेत काय झालं होतं रे?" त्याला तिथंच सांगून टाकलं. घरातल्या माणसांत तुम्ही पहिले.

तेव्हा मामू, हायब्रिड. स्क्रीन मोठी आहे, फोटो काळेपांढरे करून पेनानं कडा गिरवत बसणार. आकार एकदा हातात बसले की मायक्रोस्कोपखालीही सापडतील. दहाच्या दहा नाही, पण सात नक्की. उद्या मॅडमना स्वतः जाऊन सांगणार आहे. त्या काय म्हणतील ते म्हणोत, मी कॉलेज सोडत नाही.

तुमचा भाचा, डोळ्यांनीसुद्धा तुमचाच,
अनस

—

कामशेत
७ फेब्रुवारी

बेटा अनस,

दुवा. तुझं पत्र दुकानाचं अर्धं शटर ओढून वाचलं. कैलासला वाटलं कुणी गेलं.

व्हय. आकडा दिसला न्हाई. साहेब पानं उलटत गेले, मी अंदाजानं काहीबाही सांगत गेलो. शेवटी ते म्हणाले, "पोरा, सिग्नल कसा बघशील?" ते घरी सांगायची लाज वाटली. ज्या बापाचा जन्म लाल-हिरव्या झेंड्यांत गेला, त्याला काय सांगणार? त्यापेक्षा आळशी म्हणलेलं बरं वाटलं.

काल कान्ह्याला जाऊन तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळं. राग आला तर ये आणि भांड. तुझी अम्मी परवीन रडायला लागली, म्हणाली हे माझ्यामुळं झालं. मी म्हटलं, "येडी का खुळी तू." नाना लय वेळ गुडघा चोळत बसले. मग म्हणाले, "राजू, तवाच का न्हाई सांगितलंस?"

मला म्हणाले. परवीनला नाही.

पुढच्या रविवारी येतो. हायब्रिडच घेऊ. गुडघा दुखत असला तरी नानाही येणार आहेत. म्हणतात, तुम्ही दोघं जाऊन काय करणार, कव्हरचा रंग बघायला कुणीतरी पाहिजे.

तुझा मामू,
राजमहंमद