आत्याची गाठ, नमुना ११

सोम., ३ फेब्रु.
आत्याच्या छातीतली कॅन्सरची गाठ आज काढली. तपासणीतून उरलेला तुकडा आमच्या अंधेरीच्या लॅबला आला. संमतीपत्रावर सही तिनेच केली, मी गळ घातली म्हणून. डबीवर नाव नाही, फक्त ११. लॅबच्या प्रमुख मॅडमना नातं सांगितलंय. त्या म्हणाल्या, यातून जे निघेल ते संशोधनापुरतं, आत्याच्या उपचारासाठी नाही. हो म्हटलं.

गुरु., २० फेब्रु.
पेशी वाढल्या. हट्टी आहेत, आत्यासारख्याच. उद्या जेलीसारख्या जैवशाईत कालवून थ्री-डी प्रिंटरवर छापायच्या. मसुराएवढ्या नऊ गाठी, त्यांवर तीन औषधं तपासायची. झोप नाही येणार.

शुक्र., २१
वाट लागली. प्रिंटर तयार होईपर्यंत पेशी घातलेली शाई बर्फात ठेवली. हात आपोआप गेला. खारदांड्याच्या कोळीवाड्यात मासळीच्या टोपल्यांशेजारी वाढले, नासू नये असं काही दिसलं की बर्फच सुचतो. पण या शाईत जिलेटिन. थिजली, सुई तुंबली. घाईत दाब वाढवला तर निम्म्याहून जास्त पेशी चिरडून मेल्या. कशाबशा तीन गाठी. राखीव काही ठेवलं नव्हतं, तुकडाही संपला. स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

मॅडम ओरडल्या नाहीत. चूक जशीच्या तशी वहीत लिही म्हणाल्या. आता एकच औषध तपासता येईल. मी आत्याला सुरू होणारं सुचवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हो म्हणाल्या.

सोम., ३ मार्च
औषध दिलेल्या दोन्ही गाठी आक्रसल्या. न दिलेली जोमात. मॅडम : "दोनावरून काहीच म्हणता येत नाही गं." माहीत आहे. तरी दिवसभर तेच डोक्यात.

मंगळ., ४
संध्याकाळी आत्याकडे. बर्फाचं सगळं सांगितलं, रडले. ती म्हणाली, "बर्फान ठेवाला तुला मीच शिकवला ना गो."

नंतर विचारलं, उरलेल्या गाठींचं काय झालं. दोन आक्रसल्या, पण दोन म्हणजे काहीच नाही, असं म्हटलं. तिने "दोन" एवढंच उचललं. दोनदा म्हणाली. सांगायला नको होतं. तिचा चेहरा उजळलेला बघून बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू.

उद्या त्याच औषधाचं तिचं पहिलं सलाईन. सुट्टी टाकलीय, सोबत जाते.