शिशाचे मणी आणि कल्हईची साखळी

अब्बा, हे मी मराठीत लिहिते आहे. घरात आपण हिंदीच बोलायचो, पण मला मराठी शाळेत तुम्हीच घातलंत आणि मी वर्गात पहिली आले तेव्हा दुकानावर आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ऐकवून जेरीस आणलंत, तेव्हा आता तक्रार करायची नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला जरा थांबावं लागतं. चेहरा मात्र लगेच येतो आणि तो नेहमी भट्टीसमोरचा असतो. धुरानं लाल झालेले डोळे, बोटांत कापसाचा बोळा, तापलेल्या पातेल्यात कथील फिरवताना आवळलेले ओठ. एका गोष्टीचा तुम्हाला भारी तोरा होता. बाकीचे कल्हईवाले कथलात शिसं मिसळून स्वस्तात काम करायचे, तुम्ही कधी केलं नाही. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की तुम्ही त्याचं भांडं उचलून त्याच्या हातात द्यायचात. "खान्याचं भांडं हाये भाऊ, त्याले शिसं नाई लावत मी. दुसरीकडं जा."

मग बायकांनी पितळ मोडीत काढून स्टील घेतलं आणि कल्हईला कोणी विचारीना. त्याच सुमारास तळ्याकाठच्या धिवरपुऱ्यातला, मासे धरणाऱ्यांच्या वस्तीतला, एक जण फेकजाळ्याच्या काठाला लावायला शिशाचे मणी मिळतील का, म्हणून विचारत आला. भट्टी होती, भाता होता. तुम्ही साचा करून घेतलात, माजरीकडच्या भंगारवाल्याकडून जुन्या बॅटऱ्यांचं शिसं आणू लागलात आणि आपलं घर त्या मण्यांवर चालू लागलं. कल्हईच्या पितळी भांड्यांत तुमचा जीव होता, मण्यांत नव्हता, हे मला त्या वयातही कळायचं. ओतकाम मागच्या पडवीत चाले. अजून डोळ्यांपुढे येतं, अम्मी भिंतीपलीकडून ओरडते आहे, "रोटी को भी तुम्हारे शीशे की बास आती," आणि तुम्ही मान खाली घालून हसता आहात. शाळेतून आले की मी गार झालेले मणी मोठ्या दोऱ्यात ओवून माळा करायची. तुमच्या शेजारी बसायला मिळायचं म्हणून मला ते काम फार आवडायचं.

चंद्रपूरला कॉलेजात गेले आणि तळी राखणाऱ्या एका मंडळात मी कार्यकर्ती झाले. कार्यकर्ती म्हणजे काय, तर खांद्याला झोळी आणि जगाला शहाणपण शिकवायची घाई. हिवाळ्यात येणारी बदकं जाळ्यांतून गळून गाळात पडलेले मणी दाणे समजून गिळतात आणि मरतात, हे तिथे कळलं. एकदा एक डॉक्टरीणबाई बोलायला आल्या. शिसं माणसाला काय करतं ते त्या शांतपणे सांगत होत्या. पोटात कळा येतात, हात कापतात, मनगट लुळं पडत जातं. सगळे लिहून घेत होते. माझं पेन थांबलं, कारण त्या तुमचंच वर्णन करत होत्या. तुम्ही पोटाला पंचा आवळून कामाला बसायचात, आणि बशीतला चहा तोंडाशी नेईपर्यंत अर्धा सदऱ्यावर सांडायचा. आम्ही सगळे त्याला वय म्हणत होतो.

घरी आल्यावर तुम्हाला काही म्हटलं नाही. मी सरळ धिवरपुऱ्यात गेले. गिऱ्हाईकच बंद पडलं की साचाही आपोआप बंद पडेल, असा माझा डाव. मंदिराच्या ओट्यावर माणसं जाळी दुरुस्त करत बसली होती. फेकजाळं टाकायची त्यांची रीत तुम्हाला ठाऊक आहे, एक काठ खांद्यावर, एक हातात आणि मण्यांची एक ओळ दातात. लहान पोरंही तसंच शिकतात. मी शिसं, दात, पोरं असं भाषण ठोकलं. त्यांनी ऐकून घेतलं, अगदी चहासुद्धा पाजला. मग एक म्हातारी धिवरीण तंबाखू मळत म्हणाली, "पोरी, हे मनी तुह्याच बापानं ओतले ना? मंग त्याले सांगाचं सोडून आमाले काऊन सांगून राह्यली?" सगळा ओटा खदखदून हसला. मी लाजेनं लाल झाले आणि रागानंही, कारण बाई खरं बोलत होती.

मी घरी पोचायच्या आधीच बातमी दुकानात पोचली होती. तुम्ही मला आयुष्यात दोनदाच रागावलात, त्यातली ही एक खेप. आवाज चढवला नाहीत. "मेरे को पहले काहे नहीं बोली? घर की बात पहले घर में." मी बदकांचं सांगितलं. तुम्ही म्हणालात, बदकं तुझ्या कॉलेजची फी भरतात का. मग माझाही तोल गेला आणि तोंडात मराठीच आली. "खाण्याच्या भांड्याला तुम्ही शिसं लावत नाही ना, अब्बा? मग ते लोक दातात काय धरतात?" तळ्यावर जाळी पडताना तुम्ही कितीदा तरी पाहिली असतील. भांडं आणि तोंड हे तुमच्या मनात एका जागी होतं, जाळं निराळ्या जागी. मला तुमची कीव आली नाही, उलट फार माया आली, पण ती दाखवायची सोय त्या घडीला नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज झाल्यावर तुम्ही दुकान न उघडता तळ्यावर गेलात. पाळीवर, तळ्याच्या बांधावर बसून जाळी पडताना बघत राहिलात, हे मला त्या म्हातारीनंच नंतर सांगितलं. परत आलात ते साचा घेऊन लोहाराकडे गेलात आणि तो ठोकून सपाट करून आणलात. मला दाखवलाही नाहीत. जेवताना अम्मीनं विचारलं, "अब क्या खाएंगे?" तुम्ही म्हणालात, "रोटी ही खाएंगे, और क्या."

मण्यांऐवजी काठाला बारीक लोखंडी साखळी लावा, असं आमचं मंडळ सांगत होतं. पण तिला गंज चढायचा, सूत कुजायचं आणि धिवर साखळी उपसून माझ्यापुढे आणून टाकायचे. तेव्हा तुम्ही म्हणालात, साखळीला कल्हई करून बघतो. पहिल्या खेपेला सगळ्या कड्या एकमेकींना चिकटल्या आणि भट्टीतून चांगली काठी बाहेर आली. म्हातारी बघायला आली होती. ती म्हणाली, "मिस्त्री, हे जाळ्याले लावाचं का ढोरं हाकलाले?" तुम्ही इतके हसलात की पोट धरून खाली बसलात. मग कथलातून काढल्या काढल्या साखळी पोत्यावर झटकायची युक्ती जमली. दगडाळ तळ्यात ती कल्हई फार टिकत नसे. पण उडाली की लोक परत आणून देत. कल्हईच्या कामाला पुन्हा गिऱ्हाईक आलं होतं. मण्यांइतकं ते चाललं नाही, त्याचं सोंग आणणार नाही. अम्मीनं शिवणकाम धरलं, ईदला नवे कपडे काही वर्षं झाले नाहीत. धिवरपुऱ्यातही सगळ्यांनी शिसं सोडलं नाही, पण बऱ्याच जणांनी सोडलं. तुमच्या पोटातल्या कळा हळूहळू थांबल्या. हाताचा कंप मात्र शेवटपर्यंत गेला नाही, आणि तरी त्या हातांनी तुम्ही माझ्या लग्नात पाहुण्यांना चहा दिलात, बशा खुळखुळत.

आता मी एटापल्लीच्या शाळेत शिकवते. पोरींना ही गोष्ट कधीतरी सांगते. त्या विचारतात, "बाई, एकट्या त्या वस्तीत जायला तुमाले भेव नाई वाटलं?" मी नाही म्हणते. ते खरंच आहे, तिथं कसली भीती. तुम्ही विचारलं होतंत की आधी मला का नाही बोललीस, आणि मी बदकांच्या मागे लपले. अब्बा, तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी भांडले असते, भांडायला मी तुमच्याकडूनच शिकले होते. पण तुमच्या दुखण्याचं मी नुसतं बोलले की तुम्ही एका शब्दानं न विचारता भट्टी विझवाल, हे मला पक्कं माहीत होतं. मला भीती त्याची वाटली होती.