ओतून द्यायचं दूध

सें-तेओद्यूल, क्वेबेक
२ फेब्रुवारी १९९८

चि. रोझेर,

अनेक आशीर्वाद. तिकडे अल्बर्टात सगळे बरे असाल. मे महिन्यात तुला इकडे यायचंय, हे आधीच लिहून टाकते. नाही म्हणायच्या आधी पत्र पुरतं वाच.

बर्फाच्या पावसाचं तू टीव्हीवर पाहिलं असशील. पाऊस पडेल तिथं गोठत होता. विजेचे खांब ओळीनं आडवे झाले. आजोबांनी लावलेली मेपलची झाडं उभी चिरली, यंदा त्यांच्या रसाच्या पाकाचं नावच काढू नकोस.

खरे हाल झाले ते गाईंचे. वीज नाही, दुधाचं यंत्र बंद. कासा तटतटल्या, गोठाभर हंबरडा. बाबा हातानं धारा काढायला बसले, या वयात! रस्ते बंद, टँकर येईना, काढलेलं सगळं दूध बर्फात ओतायचं. मी चिडले, "ओतून द्यायच्या दुधासाठी कशाला मरताय?"

"टँकर येत नाही हे गाईंना काय कळतंय, सोलांज? त्यांना दुखतंय." मग मान न वळवता म्हणाले, "रोझेर असता तर एव्हाना अर्धा गोठा उरकला असता. गधड्याचा हात हलका होता."

तुला घराबाहेर काढल्यापासून त्यांनी तुझं नाव घेतलं नव्हतं रे! मला रडूच फुटलं. ते दिसू नये म्हणून गरम पाणी आणायच्या निमित्तानं घरात गेले. परत आले तर बाबा स्टुलावरच, मार्गो गाईच्या कुशीला डोकं टेकून. वाटलं, डुलकी लागली. मार्गो एरवी लाथा झाडते, पण जागची हलली नव्हती.

बाबा गेले, रोझेर. तेव्हा फोन बंद होते. सुरू झाल्यावर कितीदा उचलला आणि ठेवला, धीरच झाला नाही.

जमीन गोठून दगड झालीय, दफन मे महिन्यातच. तोवर ते चर्चमागच्या दगडी खोलीत आहेत, आईला ठेवलं होतं तिथेच. कुणी विचारायच्या आत मी सांगून टाकलंय, पुढचा खांदा रोझेर देणार. "तो कसला येतोय!" काका म्हणाले. "येईल," म्हटलं.

तुला हाकललं ते त्यांचं चुकलंच. पण आता त्यांना राग धरता येत नाही. तूही सोड.

तुझी वाट बघणारे,
सोलांजताई
आणि बाबा